लिंकनच्या धर्मश्रद्धेवर साक्षी तपासणारे पुस्तक हवे आहे

अब्राहम लिंकनच्या ईश्वरविषयक विचारांवर वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. डेव्हिड डोनाल्डचे १९९५चे चरित्र आणि ॲलन ग्वेल्झोचे १९९९चे पुस्तक वाचून झाले. बॅस्लरने संपादित केलेल्या समग्र लेखनातून ३१ जुलै १८४६चे पत्रकही पाहिले. त्यात लिंकन आपण कोणत्याही चर्चचा सभासद नसल्याचे मान्य करतो, पण धर्मग्रंथाचे सत्य कधी नाकारले नाही, असेही म्हणतो. ४ मार्च १८६५च्या, दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतानाच्या भाषणातला ईश्वर मात्र यादवी युद्धातल्या उत्तर आणि दक्षिण दोघांनाही जाब विचारणारा आहे.

खरी अडचण मधल्या काळाची आहे. चरित्रकार हॉलंडने १८६६मध्ये लिंकनला श्रद्धाळू ख्रिस्ती ठरवले, तर वकिलीतला भागीदार हर्नडनने नेमके उलटे मांडले. दोघांचाही बराच आधार लिंकनच्या मृत्यूनंतर लोकांनी सांगितलेल्या आठवणींवर आहे. ईश्वरी इच्छेवरचे लिंकनचे छोटे टिपणही १८६२चे की नंतरचे, यावर मतभेद आहेत.

भाविक वचनसंग्रह नकोत. इंग्रजी चालेल, ई-पुस्तक असल्यास उत्तम. या आठवणींची विश्वासार्हता एकेक करून तपासणारे आणि त्या टिपणाच्या तारखेची पुराव्यानिशी चर्चा करणारे पुस्तक कोणते?