ओळी पाडण्याचे काम लूपचे की सीएसएसचे?

धागाकर्ता:
यादीतील घटक तीन-तीनच्या ओळींत मांडण्यासाठी टेम्प्लेटच्या (पानाच्या साच्याच्या) लूपमध्येच, म्हणजे घटक एकेक करून छापणाऱ्या आवर्तनातच, मोजणी करण्याची सवय आता मोडावी, असे माझे ठाम मत आहे. जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये लूपच्या काउंटरला तीनने निःशेष भाग गेला की ओळीचा डिव्ह (एचटीएमएलमधील चौकट) बंद करून पुढचा उघडायचा, असा कोड मी स्वतः कित्येक वर्षे लिहिला. दहा घटकांना तो चोख चालतो. नऊ असले की नवव्यानंतरही नवी ओळ उघडते आणि तळाशी रिकामा डिव्ह लोंबकळत राहतो. शेवटच्या घटकासाठी वेगळी अट घालून तो दोष झाकता येतो, पण मोबाइलवर दोन आणि रुंद पडद्यावर चार स्तंभ हवे असतील, तर सर्व्हरवर कायम झालेला 'तीन' आड येतो. २०१७ च्या मार्चमध्येच क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधील ओळी-स्तंभांची मांडणी, आली. लूपने एका यादीत घटक छापावेत. स्तंभाची किमान रुंदी २४० पिक्सेल ठरवून ऑटो-फिल (मावतील तितके स्तंभ) लावले की ओळी ब्राउझर पाडतो.

प्रतिसाद १:
सरसकट असहमत. ईमेलचे टेम्प्लेट लिहिताना ही ग्रिड कुठे नेणार? विंडोजवरील जुने (क्लासिक) आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचे इंजिन वापरत आले. तिथे टेबलाशिवाय गत्यंतर नाही आणि टेबल म्हटले की ओळ लूपनेच उघडायची. दोष मोजणीचा नसून ती हाताने करण्याचा आहे. जिंजा या टेम्प्लेट-भाषेतील बॅच फिल्टर तीन-तीनचे गट करून देतो आणि शेवटच्या गटातील रिकाम्या जागा भरायला मूल्यही घेतो. मग आत एक लूप, बाहेर एक लूप. अर्धवट उघडा टॅग राहण्याचा प्रश्नच नाही.

धागाकर्ता:
ईमेलचा मुद्दा मान्य. वेबपानावर मात्र गट पाडण्याची किंमत मोजावी लागते. दहा घटकांची एक यादी असेल, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) सहसा सुरुवातीलाच 'दहा घटक' असे सांगते. प्रत्येक ओळीची वेगळी यादी केली, तर ऐकणाऱ्याला चार तुटक याद्या मिळतात आणि एकूण किती, हे कळतच नाही. हे मला फार खटकते, कारण ते तुकडे केवळ दिसण्यासाठी पाडलेले असतात. महिन्याच्या दिनदर्शिकेत सात दिवसांची ओळ म्हणजे आठवडा, तिला अर्थ आहे. तिथे गट जरूर करावेत, पण टेम्प्लेटमध्ये नव्हे, व्ह्यूमध्ये (टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये).

प्रतिसाद २:
वाचण्याचा क्रम दोघांकडूनही सुटला. अकारविल्हे यादी वाचक पुष्कळदा वरून खाली वाचतो, तर बॅच आणि ऑटो-फिल दोन्ही ती आडवी पसरवतात. त्यासाठी जिंजात स्लाइस आहे: दहा घटकांचे तीन भाग मागितले, तर तो चार, तीन, तीन असे उभे स्तंभ देतो. बॅच आणि स्लाइस यांतली गल्लत मी वारंवार पाहिली आहे. टेबलाची सक्ती नसेल, तर सीएसएसचे कॉलम-काउंट (स्तंभांची संख्या) तेच काम यादी न तोडता करते. फक्त एखादा घटक दोन स्तंभांत दुभंगू नये म्हणून ब्रेक-इनसाइडला अव्हॉइड द्यावे.