मदत हवी आहे : फ्लॅट तपासणीसाठी मॉइश्चर मीटर पिनचा की बिनपिनचा?

पुण्यात नव्या फ्लॅटची ताब्याआधीची तपासणी, हे काम सुरू करतोय. पोकळ टाइल्ससाठी टॅपिंग रॉड आणि स्पिरिट लेव्हल घेतली. आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण अर्थिंग तुटलेलं असलं तरी चालतं, म्हणजे त्यावरून अर्थिंग कळत नाही; म्हणून ३० मिलिअँपिअरची गळती अर्थिंगमधून सोडून पाहणारा सॉकेट टेस्टरही घेतला.

अडलंय मॉइश्चर मीटरवर, म्हणजे भिंतीतली ओल मोजणाऱ्या यंत्रावर. पिनवाला पुट्टीला भोकं पाडतो, बिल्डर हरकत घेणार. बिनपिनचा कॉलम-विटांच्या सांध्यावरच्या चिकन मेशमुळे (प्लास्टरखालची तारेची जाळी) खोटं रीडिंग देतो, आणि ओल तर बरेचदा तिथेच शोधायची असते. शिवाय बहुतेक मीटरांची टक्केवारी लाकडासाठीची. प्लास्टरवर कोरड्या भिंतीशी तुलना एवढाच उपयोग. प्लास्टरवर नेहमी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, कोणता घ्यावा?

आणि बाथरूममध्ये गळती तपासायला पाणी साठवून २४ तास पुरतात का, की ४८ ठेवता? चावी एकाच दिवसासाठी मिळाली तर काय करता?