घरपट्टीच्या बिलात क्षेत्रफळ जास्त, वर 'भाड्याने' अशी नोंद. आधी भरू की आधी हरकत घेऊ?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी जुना फ्लॅट घेतला. खरेदीखत झालं, नोंदणी झाली, वाटलं सुटलो. परवा घरपट्टीचं बिल आलं, तेही आधीच्या मालकांच्या नावाने. नावाचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण माझ्या कागदांत ५६० चौरस फूट आणि बिलात ६५०! टाइप करताना ५ आणि ६ ची अदलाबदल झाली असणार. वापराच्या रकान्यात 'भाड्याने' आहे. त्यांचा भाडेकरू होता, आम्ही स्वतः राहतो. खाली त्यांचीच दोन वर्षांची थकबाकी, व्याजासकट.

मुदतीला १२ दिवस उरलेत. भरलं तर बिल मान्य केल्यासारखं होईल का? आणि त्यांची थकबाकी मी का भरायची?

प्रतिसाद १

भरा आणि हरकतही घ्या. नुसता अर्ज दिल्याने व्याज थांबेलच असं नाही. अर्जात 'रक्कम हरकत राखून भरत आहे' हे वाक्य घाला आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

वापराची नोंद मात्र आजच बदलायला टाका. बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या घराला आकारणी जास्त असते, आणि दुरुस्ती अर्जाच्या तारखेपासून धरली तर मागचं गेलं ते गेलं. वीजबिल, ओळखपत्रावरचा पत्ता, सोसायटीचं पत्र जोडा.

प्रतिसाद २

क्षेत्रफळाबाबत जरा थांबा. ५६० हे कार्पेट की बिल्टअप? भिंतींची जाडी, बाल्कनी धरली की आकडा एवढा सहज वाढतो. कर कशावर आकारतात ते आधी विचारा, मग भांडा. मी एकदा चुकीच्या आकड्यावर तावातावाने भांडून आलोय, म्हणून सांगतो.

प्रतिसाद ३

थकबाकीचा बोजा साधारणपणे घरावर असतो, माणूस बदलला म्हणून तो उतरत नाही. खरेदीखत वाचा, ताब्यापर्यंतचे कर विक्रेत्याने द्यायचे असं कलम बहुतेक असतंच. त्यावर त्यांच्याकडून वसूल करा, पण कार्यालयाला ते कलम दाखवून उपयोग नाही. नावही बदलून घ्या. करआकारणीत नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, पण नोटिसा तरी तुमच्या हातात पडतील.

धागाकर्ता

प्रतिसाद २, तुमचे आभार आणि माझी फजिती. खरेदीखताच्या परिशिष्टात बिल्टअप ६५० च आहे, आणि आकारणी बिल्टअपवरच होते असं खिडकीवर कळलं. टाइप करणाऱ्याला उगाच शिव्या घातल्या. क्षेत्रफळाची हरकत रद्द. वापर आणि नाव, दोन अर्ज दिले, पोच घेतली, बिल भरलं. ताब्याचं कलमही सापडलंय. आता आधीच्या मालकांना फोन कसा करायचा, याचाच विचार चाललाय. माणसं तशी चांगली आहेत हो.