मदत हवी आहे: जि. प. शाळेत चित्रकला, संगीत, खेळासाठी बाहेरून शिकवणारे आणायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

शिवनेरीची_सून

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ९२, शिक्षक चार. मुलगा चौथीत आहे आणि मी यंदाच शाळा व्यवस्थापन समितीवर आले. तेही कोणीच हात वर करेना म्हणून. त्यामुळे नियमांचं ज्ञान बेताचंच, सांभाळून घ्या.

शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक आहे. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे तास व्यवस्थित रंगीत पेनाने लिहिलेत. मुलाला विचारलं, "चित्रकलेच्या तासाला काय करता रे?" तर म्हणाला, "गणित." खेळाच्या तासाला? "पाचवीची नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालते, तोवर आम्ही बाहेर बसतो. आवाज करायचा नाही."

मागच्या वर्षीचं प्रगतिपत्रक काढून बघितलं. कला विषयासमोर नोंद होती, 'विविध वाद्यांचे आवाज ओळखतो.' शाळेत वाद्य म्हणाल तर एक घंटा. शेजारच्या जाऊबाईंच्या मुलीच्या प्रगतिपत्रकातही अक्षरन् अक्षर तेच वाक्य!

हे शिक्षकांना नावं ठेवायला लिहीत नाही. चौघंही मनापासून शिकवतात. एकेकाकडे दोन-दोन वर्ग, वर माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशोब, सारखं काहीतरी असतंच.

आता मुद्दा. यात्रा कमिटीकडे ४२,००० रुपये शिल्लक राहिले आणि ते शाळेला द्यायचं ठरलं. एक गट म्हणतो मोठा टीव्ही घ्या, दुसरा म्हणतो ढोल-ताशाचा संच घ्या. मी बैठकीत म्हटलं, वस्तू नको, माणूस आणू. चित्रकला, संगीत, खेळ नीट येणारी माणसं आठवड्यातून एकदा तरी मुलांसमोर उभी राहिली पाहिजेत. सगळे गप्प झाले आणि म्हणाले, बरं, मग तुम्हीच बघा.

तर मला सांगा. असे शिक्षक सरकारकडून मिळू शकतात का? स्वतः आणायचे तर कुठल्या हिशोबाने? शाळा सुटल्यावर थांबवायचं म्हटलं तर आमच्याकडे बिबट्याची भीती आहे, उसातून वाट जाते, पाचनंतर मूल कोणी थांबवत नाही. म्हणजे जे काही करायचं ते शाळेच्या वेळेतच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुख्याध्यापिका बाईंना आणि गुरुजींना वाईट न वाटता हे बोलायचं कसं?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण ४२ हजारांत इंग्रजी बोलायला शिकवणारं कोणी आणा. पेटी वाजवून कुणाला नोकरी लागलीय?

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताई, आधी सरकारी बाजू सांगतो म्हणजे तो विषय मिटेल. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, सांगितले आहेत. पण ते फक्त सहावी ते आठवीच्या गटाला, आणि त्या गटाचा पट १०० च्या वर असेल तरच. तुमची सहावी-सातवी मिळून किती, पंचवीस-तीस? मग तो दरवाजा बंद. पहिली ते पाचवीला तर कायद्यात अशी सोयच नाही, तिथे वर्गशिक्षकानेच सगळे विषय घ्यायचे. अर्ज करण्यात वर्ष घालवू नका.

प्रगतिपत्रकाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचं कारणही सांगतो. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण या तिन्हींना संकलित, म्हणजे सत्राअखेरची, परीक्षा नाही, सगळं आकारिक मूल्यमापनावर. म्हणजे वर्षभर मूल बघून नोंदी करायच्या. तासच झाला नाही तर गुरुजी बघणार काय? मग नमुना नोंदींच्या यादीतून एकेक वाक्य उचललं जातं. मी केंद्रप्रमुख असताना अशा शेकडो वह्यांवर सह्या केल्यात, आता कबूल करायला हरकत नाही.

तुमच्या हातात जे आहे ते समितीच्या ठरावात आहे. ठरावात 'शिक्षक नेमणे' हे शब्द चुकूनही घालू नका, नेमणुकीचा अधिकार समितीला नाही. 'लोकसहभागातून अमुक विषयासाठी मार्गदर्शकांना प्रतिभेट मानधन' असं लिहा. पैसे समितीच्या खात्यावर जमा करा, यात्रा कमिटीला पावती द्या, मानधन देताना सही घ्या. गावात हिशोबावरूनच भांडणं होतात, कलेवरून कोणी भांडत नाही.

शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना पैसे देऊन बोलवायचा मोह होईल. नको. कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणी मना आहे, उगाच त्यांच्यामागे चौकशी लागायची. निवृत्त माणूस बघा.

आकडेमोड अशी करा. एका भेटीला ५०० रुपये, आठवड्यात दोन भेटी, असे ३० आठवडे म्हणजे ३०,०००. उरले १२,०००, त्यात साहित्य. खेळाचं साहित्य मात्र यातून घेऊ नका. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत क्रीडा साहित्याला प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. यंदाचे आले का, कशावर खर्च झाले, ते बाईंना गोडीत विचारा. खोलीत कुलूपबंद चेंडू सापडतील.

मेलबर्नकर

आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळेतच चित्रकला, संगीत, पीई आणि एक परकी भाषा यांना वेगळे शिक्षक असतात. त्या तासाला वर्गशिक्षिका मोकळी होते आणि तेवढ्यात पुढच्या धड्यांची तयारी करते. खरं तर ही सोय मुलांसाठी जितकी, तितकीच शिक्षकांसाठी. तुमच्या बाईंना असं सांगून बघा, की तुमचा एक तास सुटेल. लगेच तयार होतील!

शिवनेरीची_सून

@मेलबर्नकर, कल्पना छान, पण आमच्याकडे एक बाई मोकळ्या झाल्या की शेजारचे दोन वर्ग त्यांच्या गळ्यात पडतील :)

@केंद्रप्रमुख सर, मनापासून आभार. ठरावातल्या शब्दांचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. सहावी-सातवी मिळून २७ आहेत.

@स्पष्टवक्ता, माझा मुलगा वाचायला कंटाळतो पण ट्रॅक्टरच्या आवाजावरून कोणाचा ट्रॅक्टर ते सांगतो. त्याच्या कानाचं काय करू?

निवृत्त_केंद्रप्रमुख

मेलबर्नकरांचा मुद्दा इथे उलटा लावा. बाहेरचा माणूस आला की वर्गशिक्षक वर्गात असलाच पाहिजे. एक तर सुरक्षिततेसाठी. मार्गदर्शक कितीही ओळखीचा असो, मुलांना एकट्याच्या ताब्यात द्यायचं नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते, तिला आधी कळवा, पोलीस पडताळणी करून घ्या. आणि दुसरं म्हणजे ३० आठवड्यांनी तुमचे पैसे संपतील. तोवर गुरुजींनी मागे बसून बघितलं असेल तर पुढच्या वर्षी निम्मं तरी ते स्वतः घेतील. त्यांना मान देण्याची वाटही हीच. 'तुम्हाला येत नाही म्हणून आणतोय' असं नाही, 'तुमच्या मदतीला आणतोय, वर्ग तुमचाच' असं बोला.

रंगरेषा

मी चित्रकला शिक्षिका होते, हायस्कूलला. पहिली-दुसरीसाठी माणूस निवडताना एकच कसोटी सांगते. तो फळ्यावर स्वतः चित्र काढून 'बघून काढा' म्हणाला, तर नमस्कार करून चहा पाजून परत पाठवा. मग ९२ वह्यांत दोन डोंगर, मधे सूर्य, एक झोपडी, आणि डोंगरातून येणारी नदी. तुमच्या गावातून शिवनेरी दिसत असेल, तो समोरून काही त्रिकोणी दिसत नाही ना? मुलांना बाहेर न्या, कडा कुठे तुटलाय ते बघायला लावा, आत येऊन आठवून काढू द्या. स्मरणचित्र म्हणतात ते हेच, चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला बसायची वेळ येईपर्यंत थांबायची गरज नाही.

साहित्यावर फार खर्च नको. तेलखडूपेक्षा कोळसा, गेरू, हळद, चुना. जुन्या वर्तमानपत्रावर मोठ्या ब्रशने काढू दे. चित्रकलेच्या छोट्या वहीत मुलाचा फक्त मनगटापासूनचा हात हलतो, खांद्यापासून हलला पाहिजे. आणि दर आठवड्याला ३५ मिनिटांची तासिका घेऊ नका. रंग काढेपर्यंत घंटा होते. महिन्यातून दोनदा दुपारचा सलग दीड तास मागून घ्या, दोन-तीन इयत्ता एकत्र बसवा.

धूमवाला

संगीताला कीबोर्ड घेऊ नका एवढंच सांगायला आलोय. एक मूल वाजवतं, एकोणतीस बघतात, चौथ्या महिन्यात अडॉप्टर हरवतो.

तुमच्या गावात भजनी मंडळ असणारच. त्यांचा पखवाजवाला बोलवा. पहिल्या दिवशी त्याला काही शिकवायला लावू नका, फक्त मुलांसमोर पखवाजाला कणीक लावू दे. कणीक भिजवायची, डाव्या बाजूच्या चामड्यावर, म्हणजे पुडीवर, थापायची, वाजवून बघायचं, थोडी काढायची, परत वाजवायचं. कणकेशिवाय कसा टणटणतो आणि लावल्यावर पोटातून 'धूम' कसा निघतो, हे एकदा ऐकलं की मूल आयुष्यात विसरत नाही. ताईंच्या मुलाच्या प्रगतिपत्रकातलं ते वाक्यही मग खरं होईल.

नंतर टाळ. भजनी ठेका आठ मात्रांचा, तिसरीचं पोरही आठवडाभरात धरतं. एक गोष्ट मात्र सांभाळा. भजनी मंडळी उंच पट्टीत गातात, पेटीवरची काळी चार-पाच. मुलं त्या सुरात गायला गेली की गात नाहीत, ओरडतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो काय खडा आवाज आहे. बुवांना सांगा, मुलांसोबत खाली, काळी एक किंवा पांढरी दोनला या. बुवा कुरकुरतील, पण येतील.

खोखोवाला

खेळाला पैसे देऊन माणूस कशाला? तालुक्यात खो-खो खेळलेली वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी सापडतील, शनिवारी सकाळी फुकट येतील. मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर. तेवढी जागा नसेल तर मधली पाटी, म्हणजे मुलं बसतात तो पट्टा, चुन्याने आखा आणि आठाऐवजी सहा मुलं बसवा. पहिली-दुसरीला लंगडी द्या. लंगडीत पाय, तोल, दम सगळं आलं. साहित्य शून्य. फक्त खेळाच्या तासाला खेळ झाला पाहिजे, त्या तासाला नवोदयचे पेपर सोडवून घेणं बंद करा म्हणावं.

शिवनेरीची_सून

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

ठराव झाला, सरांनी सांगितलेल्या शब्दांत. बाईंशी एकटीच जाऊन बोलले, बैठकीत नाही. आधी त्या गप्प राहिल्या. मग कपाट उघडून एक कॅसिओ कीबोर्ड दाखवला, कुणीतरी सहा वर्षांपूर्वी शाळेला दिलेला, अडॉप्टर नाही (धूमवाले, तुम्ही आमच्या शाळेत येऊन गेलात का?). म्हणाल्या, "मला डीएडला असताना पेटी येत होती हो. हात गेला आता." आता संगीताच्या तासाला त्या स्वतः बसणार आहेत.

बुधवारी भजनी मंडळाचे पखवाजवाले बुवा आले. कणीक पोषण आहाराच्या मावशींनीच भिजवून दिली. पहिलीतला एक जण सारखा विचारत होता, नंतर तिची चपाती करणार का. बुवांनी पखवाज डावीकडून वाजवला तेव्हा सगळा वर्ग एकदम गप्प, आणि माझा मुलगा म्हणाला, "हा जुना मॅसी ट्रॅक्टर आहे." स्पष्टवक्ते, तुमच्यासाठी खास कळवलं.

चित्रकलेला नारायणगावहून एक ताई यायला तयार आहेत. रंगरेषाताईंची कसोटी घेतली, पास झाल्या. फळ्याकडे गेल्याच नाहीत. महिन्यातून दोन शुक्रवार, दुपारचा दीड तास. खेळाचं अजून अडलंय, कारण पाचवीच्या पालकांनाच नवोदयच्या तयारीचा तास सोडायचा नाही. त्यात मीही पुढच्या वर्षी असणार, म्हणून जास्त बोलता येत नाही.

आता एकच विचारायचं राहिलं. टाळांच्या पंधरा जोड्या घ्यायच्या आहेत. बुवांचे टाळ दुसरीच्या मुलांच्या हाताला पेलत नाहीत, मनगट दुखतं म्हणतात. लहान, हलके पण आवाजाला पत्र्यासारखे नसलेले टाळ आळंदीला बघावेत की पुण्यात तांबट आळीत? धूमवाले, सांगा.

धूमवाला

आळंदी. पण बुवांना सोबत न्या आणि एकेक जोडी वाजवून घ्या. दोन्ही वाट्या एका सुरात बोलतात का ते कानाला लावून बघा. पंधराच्या पंधरा एकदम उचलू नका, आधी पाच आणा.