मदत हवी आहे: सिनेमा पाहताना डोकं बंद कसं ठेवायचं?
मंडळी, फिल्म सोसायटीत जायला लागल्यापासून एक पंचाईत झाली आहे. 'सैराट' (२०१६) पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटी नुसता सुन्न झालो होतो. परवा पुन्हा पाहिला, तर डोकं हिशेबच करत बसलं: आधी अजय-अतुलचं एवढं दणदणीत संगीत आणि शेवटी आवाजच काढून घेतलाय, म्हणून ती लहानग्याची पावलं अंगावर येतात. कळलं सगळं, पण घशाशी काही आलं नाही! (आई म्हणते, "रडायचं सोडून मोजतोस काय?")

तुम्ही काय करता? पहिल्यांदा नुसतं बघून नंतर टिपणं काढता? की दुसऱ्यांदा पाहिल्यामुळेच असं होतं? आणि बारकावे कळल्यावर उलट जास्त भिडलेला एखादा सिनेमा असेल, तर नाव जरूर सांगा. मराठी असेल तर उत्तमच.