प्रति: नुसती वर्षं लिहून गॅप झाकावा का?

एकाने सुचवलंय की रेझ्युमेत महिने गाळून नुसतं '२०२१-२०२३' लिहा, मधला गॅप कुणाला कळत नाही. इतरांचं खपेल, वकिलाचं नाही. खासगी कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते, म्हणजे तारखा कौन्सिलच्या दप्तरी असतात. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीतही रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. तो नोकरीचा काळ 'प्रॅक्टिस' म्हणून दाखवलात तर पुढे जेएमएफसीला (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या भरतीला) अडकाल. २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे ३ वर्षांची वकिली हवी, तीही प्रमाणपत्रासकट.

त्यापेक्षा गॅप सरळ लिहा: 'मार्च ते जुलै २०२२ : परीक्षेची तयारी', एवढी ओळ पुरते. सिनियरच्या चेंबरमध्ये बिनपगारी काढलेले महिने मात्र बिनधास्त लिहा, लोक नेमके तेच गाळतात.