‘राजीखुशीने’ म्हणजे आनंदाने काय?

शब्दवेडी: आमच्या आरोग्यपाहणीत एक परदेशी विद्यापीठ भागीदार आहे. संमतिपत्राच्या मसुद्यात मी ‘राजीखुशीने रक्ताचा नमुना देत आहे’ असे लिहिले होते. रिवाजाप्रमाणे पडताळणीसाठी दुसऱ्या अनुवादकाने त्याचे पुन्हा इंग्रजी केले, त्यात ‘आनंदाने’ झाले, आणि तिकडून विचारणा आली की सुई टोचून घेण्यात आनंद कसला, लोकांना काही आमिष तर दाखवले नाही ना? ‘स्वेच्छेने’ लिहावे का?

टाकबोरू: अवश्य. ‘राजी’ अरबी, ‘खुशी’ फारसी. शिवकाळात फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच रचला नाही.

वाटसरू: तो कोश दरबारापुरता होता; खरेदीखतांनी त्याला दाद दिली नाही. आमच्या आजोबांनी ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो’ याखाली अंगठा उठवला, तेव्हा जमीन सावकाराच्या घशात चालली होती आणि घरात चूल पेटली नव्हती. इथे खुशी म्हणजे मर्जी. ‘जायचे तर जा, तुझी खुशी’ म्हणणारा माणूस काय आनंदात असतो?

शब्दवेडी: हे त्यांना कळवते. पण तुमच्या आजोबांवरून आठवले. मसुदा वाचून दाखवताना ‘राजीखुशीने’ ऐकताच एका आजींनी हात पदराखाली घेतला आणि विचारले, “बाई, हे सातबाऱ्याचं तर नाही ना?” म्हणजे तिकडच्यांना आमिषाचा संशय आणि इकडच्यांना जमिनीचा, शब्द मात्र एकच.

जुनी वही: मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यामागे शास्त्रीमंडळींचे श्रम होते आणि अडलेला शब्द समोरासमोर विचारता येत होता. तुम्ही दोन अनुवादकांना परस्परांपासून लपवून ठेवता आणि शब्द जुळला की विश्वास जुळला असे धरता. त्या दुसऱ्या अनुवादकाशी कोणी बोलले आहे का?

शब्दवेडी: नियमानेच बोलायचे नसते.

टाकबोरू: मूळ मुद्दा शुद्धतेचा आहे. ‘मर्जी’सुद्धा अरबीच.

वाटसरू: मग ‘अक्कलहुशारीने’चे काय करता? सगळे नीट समजून दिलेली संमती, हा अर्थ त्यात आयता आहे.

टाकबोरू: मुळीच नाही. त्याचा अर्थ केवळ शुद्धीवर असणे, नशेत नसणे.

शब्दवेडी: मंगळवारी बैठक आहे. ‘अक्कलहुशारी’ तिकडून काय होऊन परत येईल, याचीच आता धास्ती वाटते.